अर्धा कप झाल्यावर

टिपणीस आप्पांनी कॉफीला बोलावलं की आमच्या बिल्डिंगमधला माणूस आधी विचारात पडायचा. यांनी आपलं काय वाईट केलं असेल, हे तो आठवू लागायचा. कारण आप्पांच्या घरी चहा सगळ्यांना मिळायचा. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याला, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्याला, चुकून त्यांची बेल दाबणाऱ्यालासुद्धा. कॉफी मात्र ज्याचा त्यांनी, निदान स्वतःच्या समजुतीने, अपराध केला आहे अशालाच. त्यांच्याकडची कॉफी म्हणजे माफी मागायची पद्धत होती, आणि पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं ते बाळारामकडून. बाळाराम आमचा वॉचमन, जवळच्याच गावातला, पन्नाशी उलटलेला. एकदा मी ऑफिसातून येत होतो तर गेटपाशी त्याने मला बाजूला घेतलं. चेहरा उतरलेला. "साहेब, आप्पांनी मना कापीला बोलावलाय. आमी काय केलं नाय वो," म्हणाला. मी म्हटलं, अरे, मग जा की, कॉफीच तर आहे. तो गेला. आप्पांनी त्याला सोफ्यावर बसवलं, कपबशीत कॉफी दिली आणि कप अर्धा झाल्यावर सांगितलं, की महिन्याभरापूर्वी बागेच्या नळाची पितळी तोटी चोरीला गेली तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, बाळाराम झोपला असणार. बोलले कुणालाच नव्हते. पण मनात आलं होतं ना, म्हणून माफी. दुसऱ्या दिवशी बाळाराम मला म्हणाला, "कापी झ्याक होती साहेब. पन आता मन खातंय वो. आमी खरंच झोपलो होतो."

आप्पा उंच, शेलाटे, किंचित वाकलेले. चष्मा दोरीने गळ्यात. उरणच्या बंदरावर मालाच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर काही वर्षं आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. मी राहायला आलो त्याच्या आधीच त्यांनी ते पद सोडलं होतं. का सोडलं, हे कुणी सांगत नसे. नलूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की यांना जिथे तिथे पश्चात्ताप होतो, असा माणूस अध्यक्ष कसा राहील?

माफीच्या कॉफीचे काही नियम होते. पहिला म्हणजे अर्धा कप होईपर्यंत विषय काढायचा नाही. तोवर हवापाणी, भाज्यांचे भाव, कामोठ्याच्या रस्त्यावरचे खड्डे. "आधी माणसाच्या पोटात काहीतरी गरम जाऊ दे," आप्पा म्हणायचे, "रिकाम्या पोटी माफ करायला फार मोठं मन लागतं. तेवढं मन मी लोकांकडे का मागू?" दुसरा नियम, समोरच्याने "अहो, त्यात काय एवढं" म्हटलं की लगेच थांबायचं नाही. अपराध पूर्ण सांगायचा, अगदी समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत.

यातून पुष्कळदा भलतंच व्हायचं. एकदा त्यांनी आमच्या सेक्रेटरींना बोलावलं आणि कबूल केलं, की तुमच्या बी विंगला पाणी जास्त येतं म्हणून तुम्ही व्हॉल्व्ह फिरवत असाल असा मला संशय होता, तो चुकीचा ठरला, मला क्षमा करा. सेक्रेटरी कप तसाच ठेवून उठले. आपल्याबद्दल असा संशय घेतला जातो, हेच मुळी त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे कित्येक दिवस ते जिन्यात भेटेल त्याला थांबवून व्हॉल्व्हचा खुलासा करायचे. नलूकाकू तेव्हा आप्पांना जे म्हणाल्या ते मी स्वतः ऐकलं. "तुमचं मन हलकं होतं हो, पण ते ओझं जातं कुठे? समोरच्याच्या डोक्यावर." आप्पांनी ते ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि थोड्या वेळाने काकूंनाच विचारलं, "तुला कॉफी करू का?"

आता माझं. मी करोनाच्या आदल्या वर्षी इथे आलो. मूळचा सातारचा, नोकरी बेलापुरात, त्याआधी भाड्याच्या घरांतून फिरलेला. तिसऱ्या मजल्यावरचा हा कोपऱ्यातला फ्लॅट आम्हा नवराबायकोला आणि मुलांनाही बघताक्षणी आवडला, कारण त्याच्या बाल्कनीतून समोर प्रबळगड दिसतो. पावसाळ्यानंतर तर तो हात लावता येईल इतका जवळ वाटतो. एजंट म्हणाला होता, "सोसायटी एकदम चांगली आहे साहेब, सगळी आपली माणसं आहेत." ते वाक्य तेव्हा माझ्या कानाला बरं वाटलं होतं. कोण आपली, कोण नाही, हे मी त्याला विचारलं नाही.

सामान लावून झालं नव्हतं तोच आप्पांनी बोलावलं. "माने, कॉफीला या." बाळारामचं प्रकरण तेव्हा व्हायचं होतं, त्यामुळे मी आपला शेजारधर्म समजून गेलो. मी अर्धा कप प्यायलो, पाऊण प्यायलो, आप्पा काही बोलेनात. शेवटी म्हणाले, "घर आवडलं?" मी म्हटलं, फारच. ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. पण आज राहू दे." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. पद्धत कळल्यावर मी आणि माझी बायको अनघा तर्क करत बसलो. यांच्या बाथरूममधून आपल्याकडे गळती आहे का? पण ते तर आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. पार्किंगचं काही? तेही नव्हतं. मग हळूहळू मी तर्क करायचं सोडून दिलं आणि कॉफीची वाट बघू लागलो.

कारण ती कॉफी होतीच तशी. मी आयुष्यभर चहावाला. आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाला किंवा पाहुण्यांना, दुधात चमचाभर पावडर ढवळून. आप्पा स्वतः ओट्याशी उभे राहायचे. पाण्यात कॉफी उकळली की गॅस बंद, पातेल्यावर ताटली. मग नुसतं थांबायचं. "गाळ बसू दे माने. घाई केली तर सगळी तोंडात येते." मग वरचं निवळ अलगद ओतायचं, त्यात कडक तापलेलं दूध, साखर आणि ठेचलेली वेलची. वेलची सढळ. जायफळ नाही. काकूंच्या माहेरी जायफळ घालायचे, त्यावरून या दोघांचा लग्नापासूनचा वाद होता आणि वेलचीच्या बाबतीत आप्पा कधीच माघार घेत नसत. त्या वासात आप्पा, काकू आणि मी दुपारचे दोन-दोन तास बसायचो. मी ऑफिसच्या कटकटी सांगायचो, ते बंदरावरच्या गमती सांगायचे. सोसायटीच्या मीटिंगा मी कायम चुकवायचो, रविवारची झोप मला प्यारी, यावरून काकू माझी चेष्टा करायच्या. आप्पा मात्र त्या चेष्टेत कधी सामील झाले नाहीत. मला ते शनिवार फार आवडायचे, हे आज लिहितानाही जरा लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

एका शनिवारी वेलची संपली होती. आप्पा म्हणाले, चल, जुन्या पनवेलला बाजारात जाऊन येऊ. त्यांना वेलची एकाच दुकानातली लागायची. आम्ही रिक्षाने गेलो. दुकानाच्या बरंच अलीकडे, एका मेडिकलच्या सावलीत ते थांबले आणि म्हणाले, तू जाऊन घेऊन ये, मी इथे उभा आहे. दुकान मसाल्याचं आणि सुक्या मेव्याचं. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे, गोरेपान गृहस्थ. मी वेलची मागितली तर त्यांनी समोरची बरणी न उघडता मागची काढली आणि पुडी बांधताना खाली बघतच म्हणाले, "टिपणीस मेडिकलपाशी उभा हाय ना? त्याला सांगा, टोपी घालत जा. या उन्हाचा भरवसा नाय."

मी चकित झालो. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्याच्याच बिल्डिंगमध्ये का? मी हो म्हटलं आणि उगाचच जास्तीची माहिती दिली, की त्यांच्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातला फ्लॅट, करोनाच्या आधी घेतला. त्यांचा हात दोऱ्यावर थांबला. थोडाच वेळ. मग गाठ मारून पुडी माझ्या हातात देत ते म्हणाले, "अच्छा. तिथे हवा चांगली असेल." आणि आप्पांसाठी म्हणून मूठभर काळे मनुके वेगळे बांधून दिले.

मेडिकलपाशी आलो आणि मनुके आप्पांच्या हातात ठेवले. त्यांनी ते खिशात घातले. घरी येऊन त्यांनी कॉफी केली, गाळ बसू दिला, माझा कप अर्धा होऊ दिला आणि मग सांगितलं.

त्या गृहस्थांचं नाव इब्राहिम मुकादम. आप्पा आणि ते एकाच कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. पनवेलहून उरणला कंपनीची बस जायची. त्या बसमध्ये इब्राहिमभाई रोज घरून थर्मास आणायचे. त्यांचे वडील आखातात कामाला होते, तिथली सवय घरात आली होती. त्यामुळे मुकादमांकडे चहापेक्षा कॉफी जास्त, आणि तीत वेलची. थर्मासच्या झाकणातून आधी आप्पा प्यायचे, मग इब्राहिमभाई. आदल्या दिवशी कामावरून दोघांची बाचाबाची झालेली असली तरी सकाळी झाकण पुढे यायचंच. आप्पांचं अर्धं पिऊन झालं की इब्राहिमभाई म्हणायचे, "चल, कालचं काय ते बोल आता." आणि उरण येईपर्यंत भांडण मिटलेलं असायचं. म्हणजे ती कॉफी, तो अर्ध्या कपाचा नियम, सगळं त्या बसमधलं होतं.

मग दोघंही निवृत्त झाले आणि इब्राहिमभाई बाजारातल्या घरच्या दुकानात बसू लागले. इब्राहिमभाईंचा मुलगा सलीम कुवेतहून कायमचा परत यायचा विचार करत होता. आमच्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट विकायला निघाला, तेव्हा ती बातमी इब्राहिमभाईंना आप्पांनीच दिली. सलीमला आणि त्याच्या बायकोला घर दाखवायला आप्पाच घेऊन आले. बाल्कनीत उभी राहून सलीमची बायको म्हणाली होती, इथे सकाळची कॉफी प्यायची. घराच्या मालकाचीही ना नव्हती. मग सोसायटीची मीटिंग झाली. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे आजवर तसं कुणी नाही, उगाच सुरुवात कशाला. दुसरं कुणी म्हणालं, माणसं चांगली असतील हो, पण उद्या त्यांचे नातेवाईक येणार. तिसरं कुणी मालकाला समजवायची जबाबदारी घेतो म्हणालं. आप्पा अध्यक्ष होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मी काय म्हणालो माहीत आहे?" आप्पांनी मला विचारलं. "मी म्हणालो, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय टाकी धुण्याचा होता. त्यावर मी बराच बोललो."

इब्राहिमभाईंना त्यांनी सांगितलं की मालकाचा विचार बदलला. इब्राहिमभाई म्हणाले, ठीक आहे, नशिबात नसेल. सलीमने तळोज्याला भाड्याने घर घेतलं, ते काही जमलं नाही, आणि तो बायकोमुलांसकट पुन्हा कुवेतला गेला. इब्राहिमभाईंच्या वागण्यात मात्र काडीचा फरक पडला नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा पूर्वीसारखाच यायचा. रस्त्यात भेटले तर तितक्याच प्रेमाने विचारपूस. आप्पा म्हणायचे, कॉफीला ये ना घरी, ते म्हणायचे, "येईन की, निवांत येईन." आणि यायचे नाहीत. आमच्या गेटच्या आत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. "रागावला असता तर बरं झालं असतं रे," आप्पा म्हणाले. "हे गोड बोलणं मला सोसत नाही."

मी विचारलं, पण मग माझी माफी कशासाठी? मी तर तेव्हा इथे नव्हतोही. आप्पा म्हणाले, "तुझा टेम्पो आला, तू सामान उतरवत होतास, हसत होतास. मला तुझा इतका राग आला की मी खिडकी लावून घेतली. तुझा काय दोष? म्हणून पहिली कॉफी."

"आणि नंतरच्या?"

"नंतरच्या त्याच्या. तो येत नाही म्हणून तुला पाजतो."

मी माझ्या कपाकडे बघितलं. इतके शनिवार मी मिटक्या मारत प्यायलो, ती कॉफी दुसऱ्याच्या वाटची होती. वर जाऊन ज्या बाल्कनीत पाय पसरून बसायचो, तीही. अनघाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता आपण काय करायचं? घर परत करायचं का?" ती काही टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. एजंटच्या त्या वाक्यावर आपण मान डोलावली होती हे आठवत होतं. पण वस्तुस्थिती अशी की त्या रात्रीही मला छान झोप लागली आणि सकाळी प्रबळगड सुंदर दिसत होता. अपराधी वाटणं आणि घर आवडणं या दोन्ही गोष्टी माझ्यात सुखाने एकत्र नांदू लागल्या, आणि याचंच मला जास्त अपराधी वाटतं.

पुढे वेलची आणायला मी एकटाच जाऊ लागलो. एकदा इब्राहिमभाई स्वतःहून म्हणाले, "त्याला सांगा, नेहमी ये ये म्हणतोस. तू ये की कधी. माझ्या घराला काय गेट नाय." मी तो निरोप धावत जाऊन दिला. आप्पांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. कसा जाऊ, म्हणाले. त्याची बायको, भाभी, पाणी आणून देईल, बस म्हणेल, सलीमच्या मुलांचे फोटो दाखवेल. ते मला बघवणार नाहीत. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, आप्पा, अख्ख्या कॉलनीला बोलावून माफी मागता, वॉचमनची मागता, आणि जिथे मागायची तिथे तुमचे पाय उचलत नाहीत? ते म्हणाले, "म्हणून तर कॉलनीची मागतो."

त्या वर्षीच्या ईदला मात्र त्यांनी ठरवलं. इस्त्रीचा सदरा घातला. काकूंनी नारळाच्या वड्यांचा डबा भरून दिला. मी रिक्षा आणायला कोपऱ्यावर गेलो आणि परत आलो तर आप्पा गेटजवळच्या बाकावर बसलेले, डबा मांडीवर. छातीत धडधडतंय म्हणाले. मी घाबरलो, डॉक्टरकडे नेऊ का म्हटलं, तर म्हणाले, "नाही रे, तसलं नाही. साधी भीती वाटते." थोडा वेळ बसून आम्ही वर आलो. वड्या नंतर आम्हीच खाल्ल्या. त्या दिवशी काकूंनी आप्पांना कॉफी करून दिली, आणि पहिल्यांदाच तिच्यात जायफळ घातलं नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगी आणि जावई संध्याकाळपर्यंत पोचले. स्मशानात माणसं बरीच होती. ज्यांची ज्यांची त्यांनी माफी मागितली होती ते सगळे होते, व्हॉल्व्हवाले सेक्रेटरीसुद्धा, आणि तेच सगळ्यांत जास्त रडले. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून इब्राहिमभाई उभे होते. ते शेवटपर्यंत थांबले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली उतरत होतो तेव्हा ते गेटमधून आत येताना दिसले. बाळारामने विचारलं, कोणाकडे? ते म्हणाले, टिपणीसकडे. बाळारामने गेट पूर्ण उघडलं. त्यांच्या हातात जुना, रंग उडालेला थर्मास होता. मी त्यांना घेऊन वर गेलो. काकू भिंतीशी सतरंजीवर बसल्या होत्या. इब्राहिमभाई समोर जमिनीवर बसले, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि काकूंच्या पुढे धरली. आम्हाला कपांतून दिली. सगळं घर त्या वेलचीच्या वासाने भरलं आणि आप्पांची मुलगी उठून आत निघून गेली.

काकूंनी झाकण अर्धं केलं तेव्हा इब्राहिमभाईंनी बोलायला सुरुवात केली. मान खाली घालूनच.

"भाभी, मला सगळं ठाऊक होतं. मीटिंगमध्ये काय झालं ते दुसऱ्या दिवशीच बाजारात कळलं. मला त्याला शिवी द्यायची होती, चार माणसांत. नाय दिली. म्हटलं, याच्याशी गोड बोलायचं, ईदला डबा पाठवायचा, पण घरी यायचं नाय. याला असाच मारायचा. तो किती हळवा हाय ते मला ठाऊक नाय तर कुणाला? शिवी दिली असती तर दुसऱ्या दिवशी पळत आला असता. मी त्याला यायला जागाच ठेवली नाय. मागाहून बोलावलं, तवर फार उशीर झाला होता."

काकूंनी उरलेली कॉफी संपवली. पदराने झाकण पुसलं आणि थर्मासवर नीट फिरवून बसवलं. मग म्हणाल्या, "इब्राहिमभाई, चूक ह्यांची होती. ती तुम्ही आपल्या अंगावर घेऊ नका. ती आमचीच राहू दे." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ह्यांची कॉफी मी इतकी वर्षं पीत होते, पण वेलची तुमच्या हातची वेगळीच लागते." इब्राहिमभाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

ते उठले तेव्हा मीही उठलो. जिन्यात आलो. एक जिना खाली जाणारा, एक माझ्या घराकडे वर. माझ्या तोंडून निघून गेलं, "वर याल का? कॉफीला?"

ते थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना आप्पांची पद्धत माहीत होती. ती त्यांचीच तर होती. "तुम्ही काय केलंत माझं?" त्यांनी विचारलं. मी काहीच केलं नव्हतं, आणि तेच सांगायची लाज वाटत होती. ते म्हणाले, "कॉफी नको. कॉफी पाजलीत की तुम्ही सुटाल. चहा असेल तर येतो."

अनघाने चहा केला. ते बाल्कनीत खुर्चीवर बसले. प्रबळगड त्या दिवशी धुळीने जरा फिकट दिसत होता, पण दिसत होता. त्यांनी सावकाश चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं, अनघाला मुलांचं, शाळेचं विचारलं. सलीमचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आमचीही काढायची हिंमत झाली नाही. जाताना दारात चपला घालत असताना मात्र त्यांनी मला विचारलं, "सोसायटीच्या मीटिंगला जाता का तुम्ही?"

मी म्हटलं, फारसा नाही. रविवारी असते ना, जमत नाही.

"जात जा," ते म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.

त्यानंतर ते अधूनमधून येतात. आधी काकूंकडे, मग आमच्याकडे, आणि आमच्याकडे नेहमी चहाच घेतात. एकदा अनघाने चुकून कॉफी पुढे केली तर त्यांनी हसून कप बाजूला सारला. मी मात्र अजून एकाही मीटिंगला गेलेलो नाही. दर वेळी काही ना काही निघालं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचा, काकूंच्या समोरचा फ्लॅट विकायला निघाल्याचं कळलं. बघायला उरणचं एक कुटुंब आलं होतं. बाई बुरख्यात होती आणि खिडकीतून वाकून खाली मुलांना खेळायला जागा आहे का ते बघत होती. येत्या रविवारी मीटिंग आहे. नोटीस जिन्यात लागली आहे, त्या फ्लॅटचा विषय तिसरा आहे, आणि त्याच्या पुढचा टाकी धुण्याचा. मी जाणार आहे, हे अनघाला सांगून ठेवलं आहे. बोलेन की नाही, हे मात्र आज छातीठोकपणे सांगता येत नाही.